भवानीबाईंची कोटी

देवासात दोन राज्यं होती तेव्हा माणसाला रुसायला तरी जागा होती. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. एकीकडे नाही जमलं तर रस्ता ओलांडावा. अठ्ठेचाळीस साली दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन झाली आणि दोन्ही अंगांच्या कारकुनांची झोप एकदमच उडाली.

बापूसाहेब धाकट्या पातीच्या खासगी खात्यात कारकून होते. नवं सरकार कुणाला ठेवणार, कुणाला घरी बसवणार, काही कळेना. तेव्हा त्यांच्या मंडळी भवानीबाई टेकडी चढून गेल्या आणि देवीपुढे पदर पसरून म्हणाल्या, "आई, यांची नोकरी राहू दे. तुला कोटी वाहीन."

इथेच घोटाळा झाला. लाखोली वाहायची तर आधी वस्तू सांगायची असते. लाख दूर्वा, लाख बेल, लाख वाती, जे असेल ते. भवानीबाईंनी लाखाच्या जागी कोटी म्हटलं ते काळजीपोटी, पण कशाची कोटी हे सांगायचं राहूनच गेलं. टेकडी उतरताना निम्म्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आलं. परत चढवेना. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, तांदळाची.

नोकरी राहिली. बापूसाहेब तहसिलीत जुन्या दप्तरांवरची धूळ झटकू लागले आणि भवानीबाई तांदूळ निवडू लागल्या. अख्खा दाणा, टोक न मोडलेला. शंभराची ढिगी, दहा ढिग्यांचा एक वाडगा. पण ते दिवस रेशनचे. माळव्यात तांदूळ एरवीही सणावारी खायचा. घरचं भागून महिन्याकाठी शेरभर उरला तरी पुष्कळ. तो शेर मोजून देवीला जाई आणि भवानीबाई पुढच्या शेराची वाट बघत.

दोन वर्षं हे चाललं. मग घरात सून आली आणि तिने गुणाकार केला.

सून रुक्मिणी, धारची. मॅट्रिकला विज्ञान घेऊन चांगल्या मार्कांनी पास झालेली. लग्न ठरतानाच तिच्या वडिलांनी, गणोजींनी, एक अट घातली होती, की पोरीला पुढे इंटर सायन्सला बसवायचं. बापूसाहेबांनी भर बैठकीत शब्द दिला. भवानीबाईही "हो" म्हणाल्या, फक्त पुढे एक वाक्य जोडलं, "आमचा नवस फिटला की." बैठकीत हे वाक्य कुणी मनावर घेतलं नाही. नवस काय, आज ना उद्या फिटतोच.

रुक्मिणीचा नवरा दत्ताजी कन्नोदला महसुलात होता आणि सणाला येत होता. त्याला काही विचारलं तर तो म्हणे, "आईला विचार." त्यामुळे घरात दिवसभर सासू, सून आणि सुपातले तांदूळ. एका रविवारी दुपारी मोजता मोजता रुक्मिणी म्हणाली,

"आत्याबाई, शेरात दाणे साधारण सेहेचाळीस हजार भरतात."

या घरात सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची रीत होती.

"भरू देत."

"म्हणजे कोटीला सव्वादोनशे शेरांच्या आसपास लागतील. महिन्याला शेर धरला तर अजून सोळा वर्षं."

"सोळा वर्षं काय, बघता बघता जातात."

"मी पस्तिशीची होईन."

"मग? मी पन्नाशीची आहेच ना. मेले का?"

पलीकडे बापूसाहेबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं. ते उलटं होतं हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं.

इंदूरच्या कॉलेजात नाव घालायची मुदत जुलैच्या मध्यापर्यंत होती. रुक्मिणीची राहायची सोय तिच्या मावशीकडे झाली होती, गणोजींनी फीसुद्धा बाजूला काढून ठेवली होती. अडलं होतं ते भवानीबाईंच्या एका वाक्यापाशी. नवस अर्धा असताना घरची सून परगावी राहायला जाणार नाही. आणि भवानीबाई एकदा बोलल्या की बोलल्या.

रुक्मिणीने दोन दिवस तांदूळ निवडले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती म्हणाली,

"आत्याबाई, नवसात तांदळाचं नाव घेतलं होतं का?"

भवानीबाईंनी बापूसाहेबांकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितली होती. बापूसाहेब बशीत चहा ओतण्यात गढून गेले.

"नव्हतं घेतलं," भवानीबाई म्हणाल्या. "पण सुरुवात तांदळाने केली."

"साखरेची वाहिली तर चालेल ना?"

"साखरेचे दाणे तांदळाहून बारीक. तुझे डोळे जातील. आणि साखरही रेशनवरच आहे, मणभर आणणार कुठून?"

"मणभर नको. एक मासा पुरे."

मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग. पुडीच्या कोपऱ्यात मावेल एवढी साखर. भवानीबाई हसल्या. त्या क्वचित हसत, आणि हसल्या की समोरच्याने सावध व्हावं असं होतं.

"सांग बाई. एका माशात कोटी कशी बसवतेस ते सांग."

"दत्ताजींच्या जन्माच्या वेळी लक्षवाती केल्या होत्या, त्या लाखच्या लाख मोजल्या होत्या?"

"वेडी का खुळी? शंभर मोजल्या, सोनाराच्या काट्यात तोलल्या. मग त्याच्या हजारपट वजनाच्या वळल्या. सगळ्याच बायका तसं करतात."

"म्हणजे एकीचं वजन कळलं की मोजायची गरज नाही."

"एकसारख्या असल्या तर."

"साखरेचे कण एकसारखेच असतात. दाणा नव्हे, दाण्याच्या आतला कण. साखरेचा दाणा फोडत फोडत गेलं, तर शेवटी असा एक कण उरतो की तो फोडला तर साखर उरतच नाही. त्याला रेणू म्हणतात. साडेएकोणतीस तोळे साखर घेतली तर तिच्यात ते सहाशे कोटी कोटी कोटी असतात."

"एकदा कोटी म्हण. ऐकू येतं मला."

"तीनदाच म्हणावं लागतं. कोटीची कोटी, तिची पुन्हा कोटी, अशा सहाशे."

"आणि साडेएकोणतीसच का? तीस का नाही? दुकानदार आहे का तुझा रेणू?"

रुक्मिणीला हा प्रश्न आवडला. तिने सुपातून एक तांदळाचा दाणा घेतला, डब्यातून एक हरभरा घेतला आणि दोन्ही सासूच्या तळहातावर ठेवले.

"लाख तांदळांचं वजन सव्वादोन शेर. हरभरा तांदळाच्या दसपट जड धरा. लाख हरभऱ्यांचं वजन किती?"

"साडेबावीस शेर."

"संख्या तीच, वजन वेगळं. शास्त्रात तसंच. एक मोठी ठरलेली संख्या आहे. तेवढे पाण्याचे रेणू घेतले तर दीड तोळा भरतात. मिठाचे पाच तोळे. साखरेचा रेणू पाण्याच्या एकोणीसपट जड, म्हणून साखरेला साडेएकोणतीस तोळे लागतात. ज्याचा त्याचा तोल वेगळा, मोजणी एकच."

बापूसाहेबांनी बशी खाली ठेवली होती आणि वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने भागाकार मांडला होता. "एका माशाला पावणेदोन कोटी कोटी कोटी येतात," ते म्हणाले. "हिसाब तो बराबर है." जमाखर्चाची गोष्ट निघाली की ते हिंदीत जात, नव्या सरकारात तशी सवयच लागली होती.

"तुम्ही चहा प्या," भवानीबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "मी शंभर वाती आधी हाताने मोजल्या, मग तोलल्या. तुझ्या रेणूंमधले पहिले शंभर कोणी मोजले?"

रुक्मिणीने पुस्तक आठवून पाहिलं.

पुस्तकात संख्या होती. पुस्तक खरं बोलत होतं, यात शंका नव्हती. पण पहिले शंभर कोणी मोजले हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं, मॅट्रिकच्या मास्तरांनीही सांगितलं नव्हतं. संख्या पाठ करायची आणि उदाहरण सोडवायचं.

"बघून सांगते," ती म्हणाली.

"सावकाश बघ. सोळा वर्षं आहेत."

त्या संध्याकाळी आळीतल्या सगळ्या बायकांना कळलं की भवानीबाईंनी शास्त्राला गप्प केलं. शेजारच्या नर्मदाबाई मुद्दाम विचारायला आल्या. "काय गं रुक्मिणी, एका चिमटीत कोटी म्हणे? मग आमच्या घरी आहे तेवढ्या साखरेत आम्ही मोठे सावकारच झालो की." भवानीबाईंनी त्यांना चहा दिला, आणि त्यात रोजच्यापेक्षा जास्त साखर घातली.

रुक्मिणी पुस्तक घेऊन बसली. तिच्या थोरल्या भावाचं इंटरचं पुस्तक होतं, इंग्रजी. तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून ती एकेक ओळ दोनदा वाचत होती. पुष्कळ पानांनंतर बारीक टायपात एक परिच्छेद सापडला. बारीक टायपातलं परीक्षेला येत नाही म्हणून भावाने त्यावर काट मारली होती. त्यात लिहिलं होतं की कुणा साहेबाने तळ्यावर चमचाभर तेल टाकलं, ते पसरत गेलं आणि एका हद्दीला जाऊन थांबलं.

ती वाचत होती तेव्हा समोर भवानीबाई सूप हलवत होत्या. मूठभर तांदूळ सुपात टाकले, सूप दोनदा हिसडलं, तशी रास मोडली आणि दाणे एकेरी पसरले. रुक्मिणी पुस्तक मिटून नुसती त्या सुपाकडे बघत राहिली.

"काय बघतेस? सूप नवीन आहे का?"

"आत्याबाई, आणखी हलवलं तर याहून पातळ पसरतील?"

"याहून पातळ कसे होतील? एक थर झाला की झाला. दाण्याहून पातळ तांदूळ होतो का?"

"मामंजी," रुक्मिणी म्हणाली, "तुमची पावडर लागेल."

बापूसाहेबांकडे अंगाला लावायच्या पावडरीचा एक डबा होता. राज्य असताना कुणीतरी दिलेला, इंग्रजी चित्राचा. ते तो दसरा-दिवाळीलाच उघडत. त्यांनी डबा दिला, पण स्वतः बरोबर आले.

मागच्या दारी धुणं धुवायचा चौकोनी हौद होता. रुक्मिणीने तो घासून स्वच्छ पाणी भरलं आणि पाणी निवळायची वाट पाहिली. मग फडक्यातून पावडर झटकली. पाण्यावर पांढुरकी धूळ बसली. तेल एरंडाचं, ते भवानीबाईंनीच आणलं होतं. तेल्याला त्यांनी दारातूनच बजावलं होतं, "भिया, तेल चोखो दीजे, पाप लगेगो." कुणाचं पाप आणि कशाचं, ते तेल्याला कळलं नव्हतं, पण त्याने चोख दिलं.

रुक्मिणीने केसाएवढी बारीक तार तेलात बुडवली. टोकाला थेंब लटकला, खसखशीच्या दाण्याच्या निम्म्यानेही नसेल. शेजारी खसखस धरून तिने तो ताडून पाहिला. मग तार पाण्याला टेकवली.

पावडर एकदम बाजूला सरली. जणू कुणी आतून ढकलली. हौदाच्या मधोमध काळंभोर स्वच्छ वर्तुळ उघडलं, जेवायच्या ताटाएवढं, आणि तिथेच थांबलं.

भवानीबाई वाकल्या. त्यांनी वर्तुळावर फुंकर घातली. ते हललं, पण वाढलं नाही.

"आणखी टाक."

दुसऱ्या थेंबाने वर्तुळ वाढलं आणि पुन्हा थांबलं.

"थांबतं," भवानीबाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुपातल्यासारखं. एक थर."

"हो."

"म्हणजे थराची जाडी तीच एका कणाची उंची."

"हो, आत्याबाई."

"आणि थेंब केवढा ते ठाऊक आहे, पसरला केवढा ते ठाऊक आहे. यावरून जाडी निघेल." त्या कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "अहो, पेन्सिल आणा."

बापूसाहेब पेन्सिल घेऊनच उभे होते. गणित तासभर चाललं. रेणू जेवढा उंच तेवढाच रुंद धरला, तर एका थेंबात ऐंशी कोटी कोटी निघाले. पुस्तकाच्या हिशेबाने चारशे हवे होते. रुक्मिणीचा चेहरा उतरला.

"पाचपट चुकलं," ती म्हणाली.

"तू त्यांना चौरंगासारखे धरलेस," भवानीबाई म्हणाल्या. "ते बारीक अंगाचे असतील. उंच, सडपातळ, पोती उभी करतात तसे दाटीने उभे. मग त्याच जागेत जास्त नाही का मावणार?"

बापूसाहेब आणि रुक्मिणी, दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

"असं काय बघता? कोठीघरात उभी राहिलेली बाई आहे मी. आणि नाही मावले तर नाही मावले. देवीची कोटी ऐंशी कोटी कोटींतूनही निघते, की नाही?"

मग साखरेचं. एरंडेलाचा रेणू साखरेच्या रेणूच्या पावणेतीनपट जड, हे पुस्तकावरून काढता येत होतं. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या साखरेत रेणू पावणेतीनपट जास्त. हे भवानीबाईंना समजवावंच लागलं नाही. हरभरा आणि तांदूळ, एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर खोचून स्वयंपाकाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उपाध्ये मोरोपंतांना निरोप पाठवला. मोरोपंत घरचे जुने उपाध्ये, धाकट्या पातीच्या देवघरातले. राज्य गेल्यावर त्यांचीही अर्धी कामं गेली होती आणि त्यामुळे उरलेल्या कामांत ते फार बारकाईने बघत. भवानीबाईंनी सगळं सांगितलं. मोरोपंतांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

"बाईसाहेब, साखरेचा एक दाणा म्हणजे किती म्हणालात?"

"दाणा मिलिग्रॅमचा धरला तर सतरा परार्ध," रुक्मिणी म्हणाली.

मोरोपंत थबकले. एक, दश, शतपासून परार्धापर्यंत ते लहानपणापासून म्हणत आले होते, पण परार्ध इतका हाताशी असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "परार्धाच्या पुढे आमच्यात मोजत नाहीत," ते म्हणाले.

"पुढे जायचंच नाही. आम्हाला फक्त कोटी हवी आहे," भवानीबाई म्हणाल्या.

"पण प्रत्येकावर नाम घ्यायला हवं."

"लक्षवाती एकदम पेटवल्या तेव्हा तुम्ही एकच नाम घेतलं होतं. मी मोजत होते."

"वस्तू अखंड हवी. साखर देवीच्या पंचामृतात विरघळेल. विरघळली म्हणजे मोडली."

भवानीबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"मोडत नाही," रुक्मिणी म्हणाली. "विरघळली की रेणू एकमेकांपासून सुटतात फक्त. प्रत्येक जण अख्खाच राहतो. जाळली तर मोडतो."

"ऐकलंत? तांदळाचं टोक तरी मोडतं. याचं तेही नाही."

"सुरुवात तांदळाने झाली आहे."

"तांदळाचं नाव मी घेतलंच नव्हतं. दोन वर्षं वाहिला तो वरकड. देवी परत पाठवणार आहे का?"

मोरोपंतांनी उपरणं झटकलं. ते हरले होते आणि ते त्यांना कळलं होतं. पण ते भवानीबाईंना पंचवीस वर्षं ओळखत होते. दत्ताजी कन्नोदला, बापूसाहेब दिवसभर तहसिलीत. सून आल्यापासून या घरात दुपारी बोलण्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता, हे त्यांनी जाता-येता पाहिलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाईसाहेब, नवस आज फिटला असं मी म्हटलं तर सूनबाई इंदूरला जाणार. आणि तांदूळच पुरा करायला हवा असं म्हटलं, तर कुणी मला खोटं ठरवणार नाही. बघा. तुम्हाला पसंत काय आहे?"

रुक्मिणी खाली बघत होती. भवानीबाईंच्या हातात सोनाराचा काटा होता. एका पारड्यात माशाचं वजन, दुसऱ्यात साखर. त्यांनी साखरेतून दोन-चार दाणे काढले, मग परत टाकले. पारडं जिथल्या तिथेच होतं. तरी त्यांनी पुन्हा काढले.

"पंत," शेवटी त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला हिशेब विचारलाय. पसंती नाही विचारली."

"हिशेब बरोबर आहे," मोरोपंत म्हणाले.

त्या दिवशी सगळे टेकडी चढले. पाऊस अजून लांब होता, पायऱ्या तापलेल्या. मोरोपंतांनी संकल्प सोडला, कशाची कोटी ते यावेळी स्पष्ट उच्चारून. भवानीबाईंनी पुडी उघडली आणि साखर देवीच्या पंचामृतात सोडली. घोट घोट सगळ्यांच्या तळहातावर आला. बापूसाहेब तो पिण्याआधी जरा वेळ तळहाताकडेच बघत होते.

उतरताना भवानीबाई पुढे, एकट्या. निम्म्या उतारावर एका सावलीच्या पायरीवर बसल्या. रुक्मिणी दोन पायऱ्या वर थांबली.

"इंदूरचं पाणी जड आहे म्हणतात," भवानीबाई समोर बघत म्हणाल्या. "डाळ शिजत नाही."

"मावशीकडे शिजते, आत्याबाई."

"तुझ्या मावशीला डाळ शिजली की नाही हे कळतं का? लग्नात तिने वाढलेली मी खाल्ली आहे."

रुक्मिणी हसली. हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"शनिवारी शेवटच्या मोटारीने यायचं. सोमवारी पहाटे जायचं. मोटार चुकली तर दत्ताजीला कळवायचं नाही, मला कळवायचं."

"हो."

"आणि ते पुस्तक. बारीक टायपातलं वाचत जा."

मागून बापूसाहेब धापा टाकत आले. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"उद्या मोटार अड्ड्यावर जाऊन मंगळवारची वेळ विचारून या," भवानीबाई उठत म्हणाल्या. "आणि हिच्या पेटीला नवीन कुलूप आणा. घरातलं आहे त्याची चावी मीच कुठेतरी ठेवली आहे, ती आता सापडायची नाही."